चार ट्यूबांमधले मामा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

१९९५च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत तीन मिनिटांचं भाषण मी दीड मिनिटात संपवून खाली बसले होते. बाई म्हणाल्या होत्या, "अगं, श्वास तरी घे!" आज श्वास घेत बोलणार आहे, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल.

सकाळी ऑफिसबाहेर, घंटेच्या वरच्या भिंतीवर मामांचं चित्र लागलं. तेव्हापासून किती दिवस लागले, रंग कुठले, कॅनव्हास केवढा, असं बरंच जण विचारतायत. चार महिन्यांचे शनिवार-रविवार लागले. कॅनव्हास १८ बाय २४ इंचांचा. पण आपल्यापैकीच एकीने मला चहाच्या टेबलाशी बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मामा इतके काळे होते का गं?" तिचं नाव सांगत नाही. तिने विचारलं ते बरंच केलं, कारण हे चार महिने मी त्याच प्रश्नाशी झगडत होते. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आधी फोटोची गोष्ट. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं की शाळेला काहीतरी भेट द्यायची. कुणी प्रोजेक्टर म्हणालं, कुणी पाण्याची टाकी. टाकीही दिली आपण, ती मागे बसवली आहे. मग कुणीतरी लिहिलं की शाळेत संस्थापकांचे फोटो आहेत, मुख्याध्यापकांचे आहेत, पण मामांचा नाही. ३० वर्षं शाळा उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या माणसाचा नाही. त्यावर एका तासात बावन्न अंगठे आले. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की मी नोकरी सांभाळून तैलरंगात काहीबाही करत असते. अडकले.

पण फोटो कुठे होता? मामा २०१७ साली गेले. निवृत्तीनंतर ते लेकीकडे महाडला राहायचे. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, २०२१च्या पुरात सगळं गेलं." २२ जुलैला महाडात काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. कपाटातले आल्बम चिखलाचे लगदे होऊन बाहेर निघाले. मी म्हटलं, हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "त्याच दिवशी तळियेला अख्खी वाडी गेली. तेव्हा फोटो गेले म्हणून कोण रडणार?"

मग आपण सगळ्यांनी घरं धुंडाळली आणि एकच फोटो हाती आला. निरोप समारंभाच्या दिवशीचा, आपला दहावीचा ग्रुप फोटो. तो तुमच्यापैकी अनेकांकडे आहे. जरा घरी जाऊन परत बघा. मामा त्या फोटोत असायचेच नव्हते. त्यांनी बाकं आणून लावली, फोटोग्राफर म्हणाला "मामा, जरा बाजूला व्हा", आणि ते बाजूला होत असतानाच बटण दाबलं गेलं. म्हणून ते उजव्या कडेला आहेत, मान अर्धवट वळलेली, डावा कान फोटोच्या बाहेर. चेहऱ्याची उंची मी पट्टीने मोजली: ९ मिलिमीटर. त्यावरून मला पावणेसात-सात इंचांचा चेहरा करायचा होता, म्हणजे जवळजवळ वीस पट.

फोटो रंगीत आहे, पण तीस वर्षांत तांबूस झाला आहे. रंगीत प्रिंटमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात. आल्बमच्या अंधारात पडून राहिलेल्या जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळसर थर आधी विरतो, आणि मग सगळे जण ऊन लागल्यासारखे लालबुंद दिसू लागतात. त्यात आपल्याकडची दमट हवा. आपल्या फोटोत कोपऱ्यावर बुरशीची नक्षी आहे ती वेगळीच. थोडक्यात, मामांच्या चेहऱ्याचा रंग काय होता याबद्दल त्या फोटोची साक्ष कामाची नव्हती.

मी सॉफ्टवेअरवाली. पहिली धाव संगणकाकडेच. फोटो स्कॅन केला आणि जुने फोटो आपोआप दुरुस्त करणाऱ्या एका प्रोग्राममध्ये घातला. अर्ध्या मिनिटात मामा बाहेर आले. स्वच्छ, नितळ आणि गव्हाळ-गुलाबी! एखाद्या बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर वाटत होते. त्या प्रोग्रामचा मला राग नाही, तो आमच्याच धंद्यातला भाऊ आहे. त्याने जे फोटो बघून शिकून घेतलं त्यात आपल्या मामांसारखे चेहरे थोडे असणार, म्हणून त्याने सरासरीच्या हिशेबाने रंग भरला. चूक माझी. मी ती प्रिंट ईझलशेजारी चिकटवली, पेटीतल्या अठरा ट्यूबा काढल्या आणि तसाच चेहरा रंगवायला बसले. तीन आठवड्यांनी माझ्यासमोर एक सभ्य गृहस्थ होते. मामा नव्हते.

ते चित्र मी आपल्या चित्रकलेच्या सरांना पाठवलं. सर समोरच बसले आहेत. सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं: "डोळे किलकिले करून बघ. आधी काळं-पांढरं जमव, रंगाचं नंतर बघू." सर, एलिमेंटरीच्या परीक्षेच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणाला होतात आणि मी ऐकलं नव्हतं. बी ग्रेड आली होती.

यावेळी ऐकलं. फोटोचा रंग काढून टाकला आणि तो नुसता काळा-पांढरा केला. आता यातही एक गंमत आहे. संगणक रंगीत चित्राचं काळं-पांढरं करतो तेव्हा तिन्ही रंगांना सारखं वजन देत नाही. जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेला हिशेब असा की हिरव्याला साधारण ५९ टक्के, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. तांबूस झालेल्या फोटोत तो हिशेब तसाच वापरला तर उजेड-सावलीचं गणित बिघडतं. म्हणून आधी फोटोतल्या ज्या गोष्टी पांढऱ्या असणारच, म्हणजे मामांची टोपी, मुलांचे शर्ट, फळ्यावरचा खडू, त्यांच्या आधाराने तांबडेपणा काढला आणि मग काळं-पांढरं केलं. एवढा एक भाग मात्र संगणकाने खरंच छान करून दिला.

मग चौकोन पाडले. पाचवीपासून आपण वहीवर गणपती मोठा करायचो तसेच. काळा आणि पांढरा मिसळून राखाडीच्या नऊ पायऱ्या तयार केल्या, आणि प्रत्येक चौकोनात एकच विचारायचं: हा तुकडा कितव्या पायरीचा? नाक, डोळा, ओठ असली नावं विसरायची. आपण नाव आठवलं की हात डोळ्याने बघितलेलं सोडून डोक्यातलं नाक काढतो. दोन रविवारांनी राखाडी मामा उभे राहिले, आणि ते मामा होते! ती गालफडाखालची खळगी, ते भुवईवरचं हाड. माझा मुलगा म्हणाला, "झालं की, आता रंग कशाला?"

आणि तो कान. डावा कान फोटोत नाहीच. मी मामांच्या लेकीला फोनवर सहज म्हटलं, कानाचं काय करू? ती हसली. म्हणाली, "माझे घ्या. आमचे सगळ्यांचे कान बाबांचेच आहेत, बाहेर आलेले. मला सासरी पण चिडवतात." तिने कानाचे सहा फोटो पाठवले. भिंतीवरचा डावा कान तिचा आहे.

आता रंग. मला कामानिमित्त एकदा स्टॉकहोमला जायचा योग आला होता. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आंद्रेस झोर्न या स्वीडिश चित्रकाराचं १८९६ सालचं स्वतःचं चित्र आहे. झोर्न १८६० साली मोरा नावाच्या गावी जन्मला. गावाकडचा माणूस, पण पुढे एवढा नावाजला की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच्याकडून आपली चित्रं करून घेतली. त्या चित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर रंगांचे मोजकेच गोळे आहेत: पांढरा, पिवळी माती, शेंदरी-तांबडा आणि काळा. निळा नाही, हिरवा नाही. चित्रकार आजही या चौकडीला त्याच्या नावाने ओळखतात. तो नेहमीच एवढ्यावर भागवायचा असं नाही, समुद्र-बिमुद्र काढायचा असला की निळाही घ्यायचा. पण चेहऱ्याला त्याला हे चार पुरत. आणि कल्पना त्याचीही नव्हे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की अपेलीस वगैरे थोर ग्रीक चित्रकार याच चार रंगांत काम करत.

ते चित्र बघताना मला स्वीडन आठवलं नाही, आपलं अंगण आठवलं. पिवळी माती, गेरू, चुना आणि काजळी. हेच तर चार! पिवळी माती भाजली की तांबडी होते, चुलीच्या कडेची माती बघा. दोन्ही रंग लोखंडाच्या गंजाचेच. आणि चित्रकाराचा तो हस्तिदंती काळा म्हणजे आता जाळलेल्या हाडांचा कोळसा. माझ्या पडद्यावर १ कोटी ६७ लाख रंग दिसू शकतात, रोज त्यांच्याशीच काम करते. आणि माणसाच्या चेहऱ्याला लागणारे सगळे रंग आजीच्या सारवणाच्या पाट्यांत होते.

चार पुरतात याला कारण आहे. आपल्या कातडीत रंगाची मुख्य द्रव्यं दोनच, मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. संगणकावर कुठल्याही माणसाच्या गालावर क्लिक करून बघा, रंगाच्या चक्रावरचा काटा नारिंगीच्या आसपासच थांबतो. गोरा असो की काळा, माणूस नारिंगीच असतो. फरक पडतो तो मुख्यतः उजेडाच्या पायरीचा. हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तर मी अठरापैकी चौदा ट्यूबा डब्यात परत टाकल्या. उरलेल्या चार कॅम्लिनच्या, महाडच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतील अशा. पहिली मजा आली ती मामांच्या गणवेशाची. पिवळ्या मातीत थोडा काळा, किंचित पांढरा, की खाकी तयार! अगदी तोच, चार वेळा धुतलेला खाकी. टोपीची सावली नुसत्या काळ्या-पांढऱ्याची, पण नारिंगी चेहऱ्याशेजारी ती राखाडी चक्क निळी दिसते. डोळ्याला फसवायला निळी ट्यूब लागत नाही, शेजार बदलला की पुरतं. मागे मला आपला वरंध घाटाचा डोंगर हवा होता, जुलैतला, हिरवागार, धबधब्यांसकट. तो मात्र या चौघांत होईना. पिवळ्यात काळा मिसळून शेवाळी होते, पण पावसातली भाताची खाचरं जशी पेटल्यासारखी हिरवी दिसतात, ते नाही. म्हणून मग फोटोतला खरा डोंगरच ठेवला, फेब्रुवारीतला, वाळलेल्या गवताचा. तो तर या चार रंगांसाठीच जन्माला आलेला.

चेहऱ्याशी मात्र मार खाल्ला. सवय अशी की उजेड दाखवायचा तर पांढरा घालायचा. गोऱ्या चेहऱ्याला ते चालून जातं. काळ्या-सावळ्या रंगात पांढरा घातला की तो उजळत नाही, राखेसारखा होतो. मामांनी लग्नाला जाताना तोंडाला पावडर फासल्यासारखं दिसायला लागलं. दोन शनिवार पुसण्यात गेले. मग लक्षात आलं की अशा चेहऱ्यावर उजळायचं ते पिवळ्याने आणि तांबड्याने, पांढऱ्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आणि पांढरा येतो तो फक्त एका ठिकाणी: कपाळावरच्या, नाकाच्या शेंड्यावरच्या, गालाच्या हाडावरच्या चकाकीत. ती चकाकी कातडीच्या रंगाची नसतेच, ती आभाळाची असते. काळ्या चेहऱ्यावर आभाळ जास्त स्पष्ट दिसतं. थोडा काळा, बराचसा पांढरा, असा तो निळसर राखाडी ठिपका मी कपाळावर ठेवला, आणि काय सांगू! पावसात, शाळेमागच्या साकवावर छत्री घेऊन उभे असलेले मामा समोर आले. ओढ्याला पाणी चढलं की शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत. छत्री आपल्या डोक्यावर, आणि त्यांचं तोंड पाण्याने निथळत चकाकतंय. ज्यांनी साकव ओलांडलाय त्यांना ते तोंड आठवत असेल.

फोटोतल्या सावल्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्यातल्या तिघी-चौघींनी "आम्हालाही शिकव" म्हटलंय. कॅमेऱ्याला सावलीतलं फार कळत नाही, विशेषतः साध्या फिल्मच्या कॅमेऱ्याला. तो हनुवटीखाली सरळ काळं करून मोकळा होतो. तसंच उतरवलं तर चित्रात भोकं पडल्यासारखं दिसतं. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली शर्टाचा उजेड परत वर येतो. खाकी शर्ट, म्हणून तिथे मी किंचित पिवळं टाकलं. फोटोत नाही ते. पण माझ्या मुलाला खाकी शर्ट घालून दारात उभा केला आणि बघितलं. फोटोवरून चित्र काढायचं म्हणजे फोटो विसरायचा कधी, हेही ठरवावं लागतं.

ऑगस्टच्या अखेरीस चित्र होत आलं. लेकीला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं होतं. वरंध घाट बंद होता, म्हणून ताम्हिणीने गेले. ओलं तैलचित्र मागच्या सीटवर, वर खोक्याचं झाकण, आणि प्रत्येक वळणावर माझा जीव वर-खाली.

तिने बराच वेळ बघितलं. मग डोळे पुसले. म्हणाली, "बाबाच आहेत." आणि चहा टाकायला आत गेली. परत आली तेव्हा पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, राग मानू नका. जरा उजळ करता येतील का?"

मी माझं ऐकवणारच होते, हिमोग्लोबिन, आभाळाची चकाकी, सगळं तोंडावर आलं होतं. त्याआधीच ती म्हणाली, "शाळेत दोन मामा होते ना? तुमच्या बॅचला ते ठाऊक असेल. एकाला गोरे मामा म्हणायचे. मी पाचवीत होते. पोरं माझ्यासमोरच म्हणायची, घंटा आज कोणी दिली, गोऱ्याने का काळ्याने."

मंडळी, म्हणायचो आपण. मी म्हणायचे. त्यात आपल्याला काही वावगं वाटलं नाही, ओळखायची खूण होती ती. पण तिच्या वर्गात ती खूण होती कुणाची तरी मुलगी असण्याची. तीस वर्षांनी आता तेच काळे मामा भिंतीवर लागणार, सगळे येऊन बघणार, आणि त्यातलं कुणीतरी तेच म्हणणार. तिची भीती खोटी नव्हती. आज सकाळी चहाच्या टेबलाशी ते विचारलं गेलंच ना?

परत येताना गाडीत मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. भिंतीवर एकदा लागलं की तेच खरं होऊन बसतं. आपण रायगडच्या पायथ्याची माणसं, इतिहासाच्या सरांनी सांगितलेलं आठवतं का? एकेकाळी शिवाजी महाराज म्हणून जे चित्र लोक बघत होते ते महाराजांचं नव्हतंच, दुसऱ्याच कुणा इब्राहिम खानाचं होतं. वा. सी. बेंद्र्यांनी महाराजांचं चित्र शोधून पुढे आणलं तेव्हा ते मागे पडलं. मामांना शोधायला कोण बेंद्रे येणार आहे? एकच फोटो, तोही ९ मिलिमीटरचा. मी त्यांना गव्हाळ केलं की ते कायमचे गव्हाळ. पण ज्या लेकीने कान दिला, तिचं न ऐकता तिच्या वडिलांना भिंतीवर लावायचा हक्क तरी मला कुणी दिला?

दोन आठवडे चित्राला हात लावला नाही. मग एका रात्री सरांचं वाक्य आठवलं आणि डोळे किलकिले करून बघितलं. मामांच्या मागे काय होतं? फेब्रुवारीचा डोंगर. वाळलेलं गवत, उन्हातलं, फिकट पिवळं, माझ्या नऊ पायऱ्यांतल्या वरून तिसऱ्या पायरीचं. त्या फिकट डोंगरापुढे मामांचा चेहरा आणखी काळा दिसत होता, होता त्याहून काळा! ब्लाउजपीस निवडायला बसलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. तोच रंग पिवळ्या साडीवर वेगळा दिसतो, काळ्या चंद्रकळेवर वेगळा. मी डोंगर पुसला. तांबडा आणि काळा मिसळून, ऑफिसच्या आतला काळोख असतो ना, दारातून बघताना दिसतो तो, त्या रंगाची पाठ भरली. मामा ऑफिसच्या दारात उभे राहिले. त्यांची खरी जागा तीच होती, डोंगर माझी हौस होती.

चेहरा उजळला. चेहऱ्याला मी ब्रशही लावला नव्हता. इंजिनिअर असल्यामुळे खात्री करून घेतली. दिव्याखाली आधीचा आणि नंतरचा फोटो, गालावर त्याच जागी क्लिक, आकडे जवळजवळ तेच. कपाळावरचा तो आभाळाचा ठिपका तर आता दिवा लावल्यासारखा दिसत होता. सरांच्या वर्गात हळदणकरांच्या निरांजनवालीचं कॅलेंडर लावलेलं असायचं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये जिचं मूळ चित्र आहे ती. आपण सगळे तिला रविवर्म्याची समजायचो आणि सर दर वर्षी ओरडायचे, "हळदणकर! आपले, सावंतवाडीचे!" त्या मुलीच्या चेहऱ्यावर उजेड दिसतो तो भोवतीच्या काळोखामुळे. पाच वर्षं ते कॅलेंडर डोळ्यांसमोर होतं.

ही पळवाट आहे का, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. लेकीने मागितलं होतं एक, मी दिलं दुसरंच. म्हणून तिला मी लपवलं नाही. परत गेले तेव्हा सरळ सांगितलं: चेहरा होता तोच आहे, मी मागचा डोंगर काढलाय. तिने चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, दोन पावलं मागे गेली, पुन्हा जवळ आली. गोरे-काळे काही बोलली नाही. म्हणाली, "कान मात्र बरोबर आलाय."

मग तिने मला जेवायला थांबवलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. निघताना म्हणाली, "लावा." त्यावरून सकाळी ते लागलं.

आता मघाच्या प्रश्नाचं उत्तर. हो, मामा इतके काळे होते. आज जेवणानंतर परत एकदा जाऊन बघा, जरा लांबून, व्हरांड्याच्या त्या टोकापासून. मी सकाळपासून तीन वेळा बघून आले.

मुख्याध्यापकांना एक विनंती. चित्र वरून सुकलेलं दिसलं तरी तैलरंग आतून सुकायला महिने लागतात. वार्निश सहा महिन्यांनी करायचं आहे, त्यासाठी मी मे महिन्यात येईन. तोपर्यंत पावसाची झड आत येते त्या बाजूची खिडकी लावून ठेवा आणि कुणाला ओल्या फडक्याने पुसू देऊ नका. मुलांनाही सांगा, चित्राला हात लावायचा नाही. वेळेआधी घंटेला हात लावला तर मामा काय करायचे, ते इथल्या कुणालाही विचारा, कान दाखवतील.